डाव्या कानातला कापूस: मळ काढण्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

ही केस माझ्याच ओपीडीतली आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून काम करतो. रुग्णाची आणि त्यांच्या मुलीची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव-गाव टाळलं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कानातला मळ काढणं हे लोकांना किरकोळ काम वाटतं, आणि बहुतेक वेळा ते तसं असतंही. पण माझ्या टेबलावर रोज दोन-तीन जण मळ काढून घ्यायला येतात, आणि त्यातल्या एखाद्या कानात मळाच्या मागे काहीतरी दडलेलं असतं. ते मळ निघेपर्यंत दिसत नाही. म्हणून मळ कसा काढायचा हा निर्णय आपल्याला पडदा न बघताच घ्यावा लागतो. या केसमध्ये तो निर्णय मी आधी चुकीचा घेतला होता.

पार्श्वभूमी

काका ६७ वर्षांचे. साखर कारखान्यात मिल हाउसला, म्हणजे ऊस गाळण्याच्या यंत्रांच्या गोंगाटात, ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. आता थोडी शेती, आणि गावातल्या भजनी मंडळात टाळ. मधुमेह बारा वर्षांपासूनचा. गोळ्या चालू, पण पथ्य जेमतेम.

कोजागरीपासून गावात काकडा सुरू झाला होता. काका रोज पहाटे मंदिरात जात. नरक चतुर्दशीच्या दिवशी पहिली अंघोळ झाली. काकूंनी तेल चोळलं, उटणं लावलं आणि रीतीप्रमाणे उजव्या कानात कोमट तेलाचे चार थेंब सोडले. डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतलं आणि उजव्या कानाला दडा बसला. काका म्हणाले, "कुणी बोळा कोंबल्यावानी झालं बघा."

असं एका अंघोळीत कसं होतं, हा प्रश्न मला प्रत्येक दिवाळीत विचारला जातो. मळ त्या दिवशी तयार झालेला नसतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आतला हाडाचा. मळ बनवणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या हिश्शात असतात. तिथला स्राव आणि झडलेली कातडी मिळून मळ होतो. तो किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असतो, त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि जंतूंना, बुरशीला सहज थारा मिळत नाही. कानाची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळालाही बरोबर बाहेर आणते. म्हणजे कान आपला आपण साफ होत असतो. काडी, कोरणं, इअरबड यांनी आपण तो उलट आत ढकलतो. पडद्याजवळ मळ दिसला तर तो कुणीतरी तिथे लोटलेला आहे असं आम्ही जवळजवळ धरूनच चालतो.

आणि नळी ९० टक्के भरली तरी माणसाला फारसं कळत नाही. बारीकशी फट उरली की आवाज त्या फटीतून आत जातो. अंघोळीचं पाणी शिरतं, मळ फुगतो, फट बुजते आणि दडा बसतो. ही फटीची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे तिच्यावरूनच मला एक खूण सापडायला हवी होती.

अडचण कशी वाढत गेली

पहिल्या दिवशी काकांनी कान धरून डोकं हलवलं, एका पायावर उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी काकूंच्या केसांचा आकडा घेऊन कान कोरला. थोडं रक्त आलं. पाडव्याच्या दुपारी ते जवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे कानाला पिचकारी मारली. पाणी नळाचं, गार. तिसऱ्या पिचकारीला सगळी खोली गरगरायला लागली, काकांनी उलटी केली आणि खुर्चीवरून खाली बसले. मळ निघाला नाहीच.

ही चक्कर घाबरवणारी असते, पण तिचं कारण साधं आहे. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आतल्या कानात, कानाच्या नळीपासून जवळच असतात. शरीराच्या तापमानापेक्षा गार किंवा गरम पाणी गेलं की त्या नलिकांतल्या द्रवात प्रवाह सुरू होतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. व्हिएन्नामध्ये रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांनी रुग्णांचे कान धुताना हेच पाहिलं होतं: गार पाण्याने डोळे एका दिशेने झटके देतात, गरम पाण्याने उलट दिशेने. त्यातून तोलाची एक तपासणीच उभी राहिली आणि १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं. कान धुवायचाच असेल तर पाणी ३७ अंशांच्या आसपास, अंगाइतकं कोमट हवं, एवढी साधी गोष्ट यातून कायमची शिकण्यासारखी आहे.

चक्कर तासाभरात थांबली, पण काकांनी धसका घेतला. "आता कानाला कुणाचा हात लावून घेणार नाय," असं घरात जाहीर केलं. काकड्याला जाणं चालूच होतं. तिथे मात्र त्यांचा टाळ मागे पडायला लागला. पखवाज उजव्या हाताला बसायचा आणि तोच ऐकू येईना. मंडळातल्या कुणीतरी हळूच टाळ दुसऱ्याकडे द्यायला सांगितला. हे काकांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. पहिल्या दिवशी फक्त "ऐकू येत नाय" एवढंच म्हणाले.

भाऊबीजेला मुलगी पुण्याहून माहेरी आली. बाबा टीव्हीचा आवाज किती मोठा ठेवतात ते तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना समजावून, जवळजवळ हाताला धरून, माझ्याकडे आणलं.

पहिली तपासणी

मी नेहमीचे प्रश्न विचारले. दुखतं का, कान वाहतो का, गुणगुणतो का, चक्कर येते का. आणि एक प्रश्न असा विचारला: "याआधी कानाचा काही त्रास?" काका म्हणाले, "नाय." मी लिहिलं: काही नाही.

उजव्या कानात काळपट तपकिरी मळ नळी पूर्ण भरून होता. तोंडाशी तेलाने चकाकणारा, आत कडक. नळीच्या खालच्या बाजूला आकड्याची ओरखड, वर वाळलेलं रक्त. डाव्या कानातही मळ होता, जुना, सुकलेला, खरपुडीसारखा. पण वरच्या बाजूला फट दिसत होती.

मग नादकाटा घेतला, म्हणजे ठोकल्यावर एकाच सुरात घुमणारा धातूचा चिमटा, ५१२ हर्ट्झचा. ही तपासणी एका मिनिटात होते आणि मळाच्या प्रत्येक रुग्णात मी ती करतो, कारण मळ दिसला म्हणून ऐकू न येण्याचं कारण मळच आहे असं नसतं. एका रात्रीत आतली नस निकामी होऊन येणारा बहिरेपणा वेगळा. त्यात स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच सुरू करावी लागतात. कानात योगायोगाने मळही असला, आणि सगळे मळाच्या मागे लागून दोन आठवडे गेले, तर ती वेळ परत मिळत नाही. नादकाटा कपाळावर टेकवला तर आवाज काकांना उजव्या कानात मोठा लागला, म्हणजे दडा बसलेल्याच बाजूला. नस गेली असती तर तो चांगल्या कानाकडे गेला असता. हे पाहून मी निश्चिंत झालो.

पुढचा भाग मी घाईत वाचला. नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि मग कानासमोर धरायचा. चांगल्या कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो. काकांना दोन्ही कानांत हाडावरचा मोठा वाटला. उजवीकडे ते बरोबर होतं, नळी बंदच होती. पण डावीकडे फट होती. फट असेल तर आवाज आत जायला हवा. तरी जात नसेल तर अडथळा मळाच्याही पलीकडे आहे. हे मला त्याच क्षणी सुचायला हवं होतं. मी कागदावर लिहिलं: दोन्ही कानांत मळ.

समोर असलेले पर्याय

कान धुणं हा पहिला पर्याय. योग्य रुग्णात, कोमट पाण्याने, पाण्याचा जोर आवरता येणाऱ्या यंत्राने धुतलेला कान छान साफ होतो. पण मोठ्या धातूच्या पिचकारीने हाताच्या जोरावर कान धुण्याची पद्धत आता मागे पडायला हवी. उपचारांबद्दल सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांचे कान असे धुऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. काकांच्या बाबतीत तर पाणी नकोच होतं. मधुमेह, त्यात नळीत ओरखड, त्यात पाणी. मधुमेहात अशा ओल्या जखमेत स्यूडोमोनास नावाचा जंतू शिरला तर संसर्ग कातडीपुरता राहत नाही, कवटीच्या तळाच्या हाडात उतरू शकतो. तो आजार महिनोन्महिने चालतो, चेहऱ्याची नस निकामी होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे या बाबतीत मी तडजोड करत नाही.

दुसरा पर्याय मळ मऊ करणाऱ्या थेंबांचा. सोडा-ग्लिसरीनचे थेंब चार-पाच दिवस घातले की कडक मळ सैल होतो, कधी कधी आपोआप बाहेर येतो. अट एकच, पडदा शाबूत हवा. पडद्याला भोक असेल तर औषध मधल्या कानात उतरतं, आग होते, कान वाहायला लागतो.

तिसरा पर्याय सक्शनचा. रुग्णाला टेबलावर झोपवून मायक्रोस्कोपखाली बघत, बारीक नळीने मळ ओढून काढायचा, किंवा हुकने सोडवायचा. पाणी लागत नाही, काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसतं. तोटा एवढाच की आवाज मोठा होतो आणि कडक मळ कातडीला चिकटलेला असला तर दुखतं. नळीच्या आतल्या हाडाच्या भागात कातडी कागदासारखी पातळ, थेट हाडावर बसलेली असते. तिथे नुसता धक्का लागला तरी माणूस कळवळतो.

मुलीने मोबाइल काढून चौथा पर्याय दाखवला. टोकाला कॅमेरा असलेलं कोरणं, ऑनलाइन मिळणारं, घरीच वापरायचं. कॅमेऱ्यात दिसतं म्हणून हात सुरक्षित होत नाही. स्क्रीनवर खोली कळत नाही आणि रुग्ण दचकून मान वळवतो तेव्हा कोरणं आतच असतं. मी तिला तसंच सांगितलं. तिने ते मनावर घेतलं.

काहीच न करणं हाही पर्याय असतो, आणि तो मी पुष्कळ वेळा निवडतो. ऐकू नीट येतंय, त्रास नाही, फक्त थोडा मळ दिसतोय, तर तो तिथे असू द्यावा. काकांच्या बाबतीत तो लागू नव्हता.

मी ठरवलं: पाच दिवस थेंब, मग सक्शन. चिठ्ठीवर लिहिलं, सोडा-ग्लिसरीन, दोन्ही कानांत, दिवसातून तीन वेळा.

दारातला प्रश्न

चिठ्ठी घेऊन दोघं उठली. दारापाशी मुलगी थांबली आणि सहज म्हणाली, "डॉक्टर, थेंब घातल्यावर त्यांनी अंघोळीला कापूस घालायचा ना? ते डाव्या कानात घालतातच."

"फक्त डाव्या?"

"हो, मला आठवतंय तेव्हापासून."

मी काकांना परत बसवलं. कापूस का घालता असं विचारलं. काकांना कारण माहीत नव्हतं. आई घालायची म्हणून. आई का घालायची? मग हळूहळू निघालं. लहानपणी हा कान फुटायचा, पावसाळ्यात उशी ओली व्हायची, वास यायचा. आई निखाऱ्यावर लसूण घातलेलं तेल गरम करून सोडायची. पुढे मोठं झाल्यावर कान वाहायचा थांबला आणि विषय विस्मरणात गेला. कापसाची सवय तेवढी राहिली. दिवाळीच्या अंघोळीला काकूंनी तेल उजव्याच कानात का घातलं तेही आता कळलं. डाव्या कानात काही घालायचं नसतं हे त्या घरात ५० वर्षं ठाऊक होतं. मला सांगायचं असतं हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

"कानाचा काही त्रास" या माझ्या प्रश्नाचं काकांनी दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. आमच्या भागात कान फुटणं म्हणजे लहान मुलांना होणारी, मोठेपणी बरी झालेली गोष्ट. तिला कुणी आजार म्हणत नाही. प्रश्न मी त्यांच्या भाषेत विचारला नव्हता.

चिठ्ठी फाडून नवी लिहिली. थेंब फक्त उजव्या कानात. डाव्या कानात पाणी नाही, तेल नाही, थेंब नाहीत. तो कान कोरडाच राहील आणि कोरडाच साफ करायचा, कितीही भेटी लागोत. शुगरची तपासणीही लिहून दिली. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८.६ टक्के, म्हणजे जास्त आली. फिजिशियनकडे पाठवलं, गोळ्या बदलल्या.

पाच दिवस

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांच्या मुलाचा फोन आला. आवाज चढलेला होता. "आबांना आता कायबी ऐकू येईना झालंय. पैसे घेतले, मळ तर काढला नाही, आणि कान होता त्याहून वाईट."

त्याचं म्हणणं खरं होतं. थेंबांनी मळ फुगतो, आणि सैल होण्याआधी तो नळी आणखी घट्ट बुजवतो. पहिले दोन-तीन दिवस जास्त बहिरं वाटतं हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण आहे. पण हे मी आधी सांगायला हवं होतं. कापसाच्या गडबडीत राहून गेलं. मी त्याला शांतपणे समजावलं, कान दुखला किंवा पाणी यायला लागलं तर वाट न बघता यायला सांगितलं. मळ काढायची फी एकदाच असते, भेटी कितीही झाल्या तरी, हेही सांगितलं. त्याचा राग निवळला. पैशांचा मुद्दा त्याने काढला होता तरी खरी भीती दुसरीच होती: आबांचा कान कायमचा गेला का.

दुसरी भेट: उजवा कान

कार्तिक शुद्ध अष्टमीला काका आले. सुरू करण्याआधी मी सगळं सांगून घेतलं, आणि हे प्रत्येक रुग्णाला माहीत असावं असं मला वाटतं. तुम्ही आडवे झोपाल, मान बाजूला वळवलेली. कानात नरसाळ्यासारखी छोटी नळी बसेल. सक्शन सुरू झालं की कानात मोठा घरघर-सुळसुळ आवाज होईल, तो दडा सुटताना आणखी वाढेल. एकदम खोकला येईल, कारण नळीच्या मागच्या बाजूला जी नस आहे तिचीच दुसरी शाखा घशाला जाते. थोडं गरगरलं तर डोळे उघडे ठेवून एका जागी बघायचं. दुखलं की मान हलवायची नाही, हात वर करायचा. हात वर झाला की मी थांबणार. काकांनी हे शेवटचं दोनदा विचारून घेतलं. दवाखान्यातल्या त्या पिचकारीच्या वेळी त्यांनी थांबा म्हटलं होतं आणि कुणी थांबलं नव्हतं.

पहिला स्पर्श झाला आणि काका खोकले. मी नळी बाहेर काढली, त्यांना खोकू दिलं, पुन्हा सुरू केलं. कडेचा मऊ मळ ओढून घेतला तसा मधला गठ्ठा सुटा झाला. तो सक्शनच्या टोकाला चिकटून अखंड बाहेर आला. दीड सेंटिमीटर लांब, काळा, नळीच्या वळणाचा साचाच म्हणा ना, आणि एका बाजूला इअरबडचा कापूस रुतून बसलेला. आकड्याने तो आणखी आत गेला असणार.

काका काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंखा लावलाय काय?" पंखा सकाळपासून चालू होता. ते उठून बसले तेव्हा खिशातली चिठ्ठी त्यांच्या हातात चुरगळली, तिचा आवाज ऐकून त्यांनी ती पुन्हा चुरगळून पाहिली. मळ निघाल्यावर एक-दोन दिवस सगळेच आवाज कर्कश वाटतात, स्वतःचा आवाजसुद्धा. मेंदू सावरतो.

पडदा दिसला, शाबूत होता. ओरखड बरी होत आली होती. कान कोरडा ठेवायचा आणि रात्री ठणका लागला, कान वाहिला किंवा तोंड वाकडं झाल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी यायचं, एवढं बजावलं. मधुमेह असलेल्याला मी हे कागदावरही लिहून देतो.

डावा कान: थांबायचं कधी

त्याच दिवशी डावाही करून टाकू असं काका म्हणाले. मी सुरुवात केली. खरपुडी कातडीला घट्ट बसलेली होती. हुकने कडा सोडवत अर्ध्यापर्यंत आलो आणि काकांचा हात वर झाला. थांबलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हात वर. डोळ्यांत पाणी आलं होतं.

इथे डॉक्टरलाही मोह होतो. अजून थोडंच राहिलंय, रुग्ण लांबून आलाय, एकदा दात-ओठ खाऊन काढून टाकू. पण दुखरा कान सुजतो, सुजलेली नळी अरुंद होते, आणि कातडी सोलली गेली तर मधुमेहात आपणच जखम केलेली असते. मी थांबलो आणि पाच दिवसांनी यायला सांगितलं. मोकळ्या झालेल्या भागात हवा लागून उरलेला मळ आपोआप आक्रसतो आणि सुटतो.

काका एकादशी सोडून, बारशीचं पारणं करून त्रयोदशीला आले. उरलेला मळ पंधरा मिनिटांत निघाला, फारसं न दुखता. त्याच्या बुडाशी कापसाचे धागे होते, पिवळे पडलेले, किती वर्षांचे कुणास ठाऊक. आणि त्यामागे पडद्याच्या खालच्या भागात मसुरीएवढं भोक, कडा गुळगुळीत, मधला कान कोरडा. ५० वर्षांपूर्वीची ती ओली उशी मला मायक्रोस्कोपखाली दिसत होती. त्या भोकातून पाच दिवस सोडा-ग्लिसरीन गेलं असतं, किंवा पाडव्याला पिचकारी चुकून डाव्या कानाला लागली असती, तर हा कोरडा कान पुन्हा वाहायला लागला असता.

निष्पत्ती

ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याची मोजणी, मी त्याच दिवशी केला नाही. सक्शनच्या आवाजाने कान थोडा वेळ मंद होऊ शकतो, म्हणून आठवड्याने केला. उजव्या कानाचं मळामुळे गेलेलं ऐकणं परत आलं होतं. तरी दोन्ही कानांत उंच पट्टीतले आवाज कमी झालेले निघाले, ४००० हर्ट्झला खोल खड्डा. मिल हाउसमधली ३१ वर्षं आणि वय. डावीकडे त्यात पडद्याच्या भोकाची भर. मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे मळ काढूनही पूर्ण ऐकू येणार नाही?" नाही. मळ फक्त वरचा थर होता.

पडदा बसवायची शस्त्रक्रिया सुचवली. कान कोरडा आहे, शुगर सहा महिने आटोक्यात राहिली तर मग बघू असं काकांनी ठरवलं, आणि मला ते पटलं. उजव्या कानाला श्रवणयंत्र लावून पाहिलं. आधी नको म्हणाले, मग नातवाचं बोलणं कळायला लागल्यावर ठेवून घेतलं. श्रवणयंत्र वापरणाऱ्याच्या कानात मळ लवकर साठतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं, म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं ठरलं. पहिल्या सहामाहीला उजव्या कानात थोडासाच मळ होता. तो मी काढला नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती झाली. काका टाळ घेऊन उभे होते. यंत्र अजून आलेलं नव्हतं, तेव्हा जागा बदलून पखवाजाच्या अगदी जवळ उभे राहिले, असं मुलीने फोनवर सांगितलं.

पुन्हा अशी केस आली तर

डावीकडच्या नादकाट्याच्या उत्तराशी मी थांबेन. फट दिसत असताना आवाज आत जात नसेल तर "दोन्ही कानांत मळ" एवढं लिहून पुढे जाणार नाही. थेंब लिहिताना पहिले दोन-तीन दिवस जास्त बहिरं वाटेल हे रुग्णाबरोबर घरातल्या माणसालाही सांगेन, कारण फोन तेच करतात. कडक मळाला दोन-तीन भेटी लागू शकतात हे पहिल्याच भेटीत सांगेन, म्हणजे अर्ध्यावर थांबणं म्हणजे काम न जमणं असं कुणाला वाटणार नाही.

डाव्या कानाला त्या दिवशी हातच लावायला नको होता का, यावर मी अजून विचार करतो. उजवा कान मोकळा झाल्याच्या आनंदात काकांनी आग्रह धरला आणि मी मानला. वेगळ्या दिवशी, ताज्या कानाने सुरुवात केली असती तर कदाचित इतकं दुखलं नसतं.

केसपेपरवरचा प्रश्न मात्र बदलला आहे. "कानाचा पूर्वीचा त्रास" ही ओळ काढली. आता तिथे छापलेलं असतं: लहानपणी कान फुटायचा का? उशी ओली व्हायची का? अंघोळीला कानात कापूस घालता का, आणि कोणत्या?